मुलाम्याखालचा पाहुणा

आमच्या शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला एक लाकडी स्टूल आहे. त्याच्यावर पाहुणा बसतो.

पाहुणा म्हणजे माणूस नाही. लहान मुलाच्या डोक्याएवढा, काळाकुट्ट, खड्ड्याखड्ड्यांचा गोळा आहे. एका हातानं उचलायला गेलात तर मनगट आठवण ठेवेल. मामा त्याला पाहुणा म्हणतो, कारण तो आभाळातून आलाय. मामी त्याला धोंडा म्हणते, कारण तिच्या मते तो धोंडा आहे.

मी मामाकडेच काम करतो. आमचा धंदा मुलाम्याचा. नळ, कड्या, बिजागऱ्या, सायकलची हँडलं, जे काही येईल ते घासायचं, ॲसिडमध्ये बुचकळायचं, धुवायचं, आणि निकेलच्या हिरव्या टाकीत तारेला टांगून वीज सोडायची. बाहेर निघतं तेव्हा त्याच्यात तोंड दिसतं. मामा म्हणतो, "आपण काही बनवत नाही रे. आपण फक्त लाज झाकतो."

पाहुण्याची गोष्ट अशी. मामा पहिल्यांदा मामीला भेटायला तिच्या घरी निघाला होता. वाटेत रस्ता खणत होते. खणलेल्या मातीत हा गोळा पडलेला. मामानं उचलून बघितला, जड लागला, आणि झालं! मामीच्या घरी पोचला तो भलताच उशिरा, शर्टाला चिखल, दोन्ही हातांत हा. दार मामीनंच उघडलं. मामा म्हणाला, "तुझ्यासाठी आणलाय. आभाळातून पडलाय."

मामी ही गोष्ट सांगते तेव्हा शेवट तिचा असतो. "लोक फुलं आणतात. हे दगड घेऊन आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

पण लग्न केलं. आणि पाहुणाही आला.

मामानं त्याला कधी गंजू दिलं नाही. गंजाचा एखादा ठिपका दिसला की मामा सगळी कामं बाजूला ठेवणार आणि पाहुण्याला काळ्या निकेलच्या टाकीतून काढणार. काळं निकेल म्हणजे निकेलचाच मुलामा, फक्त रंग काळा येतो. लोक रविवारी गाडी धुतात ना, तसं. आम्हाला कोणाला त्यात काही वाटायचं नाही. हे लक्षात ठेवा.

तर एक दिवस विज्ञान केंद्राच्या मॅडम आल्या. केंद्रात नवीन दालन होणार होतं, ‘पृथ्वीच्या पोटात’ नावाचं. त्यांना पृथ्वीचा गाभा दाखवायला पोलादी गोळ्यावर चकचकीत निकेल चढवून हवं होतं. दिलं चढवून. गोळा न्यायला आल्या, पिशवी टेकवायला जागा बघत होत्या, आणि त्यांचा हात पडला पाहुण्यावर.

"हे काय आहे हो?"

या प्रश्नाची वाट मामा लग्न झाल्यापासून बघत होता. सांगितलं सगळं. रस्ता, चिखल, आभाळ. मॅडमनी पर्समधून लोहचुंबक काढलं. पर्समध्ये लोहचुंबक ठेवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. टपकन चिकटलं.

"जड आहे. चुंबक धरतंय," मॅडम म्हणाल्या. "केंद्रात घेऊन या, तपासू. खरी उल्का निघाली तर काचेच्या पेटीत ठेवू. खाली तुमचं नाव."

झालं. मामाला आभाळ ठेंगणं. नळवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. दाढ दाखवायला गेला तर डेंटिस्टला सांगितलं, तेही तोंड उघडं असताना. डेंटिस्ट म्हणे म्हणाला, "हो हो, थुंका."

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मामानं विचारलं, "प्रोफेसर, त्या नेमकं बघणार काय?"

प्रोफेसर म्हणजे मी. कॉलेजचं दार मी बाहेरूनच बघितलंय. पण फोनवर व्हिडिओ बघून आणि लायब्ररीतली पुस्तकं उलटीसुलटी वाचून मला पृथ्वीचं वेड लागलंय. कोणी विचारलं की मी थांबत नाही. त्या दिवशीही थांबलो नाही.

"मामा, पृथ्वीच्या मधोमध लोखंड आहे. लोखंड आणि निकेल."

"कोणी बघितलं?" मामी.

"कोणीच नाही. माणसानं सगळ्यात खोल भोक पाडलंय ते बारा किलोमीटर. मध्य आहे सहा हजारांच्या वर. आपल्या मुलाम्यातूनसुद्धा सुई आरपार गेली नाही, असं समज."

"म्हणजे तुझ्या मामासारखंच. बघितलं कोणी नाही, पण आहे म्हणजे आहे."

मामानं भाजी वाढून घेतली. ऐकू आलं नाही असं दाखवायचं असलं की तो भाजी वाढून घेतो.

मी स्टीलचे दोन पेले घेतले. एक रिकामा, एक पाण्यानं भरलेला. चमच्यानं वाजवले. "डोळे मिटून सांग, भरलेला कुठला?"

"हा. त्यात काय?"

"तेच. भूकंप म्हणजे पृथ्वीला बसलेली टिचकी. एका बाजूला टिचकी बसते, आणि जगभर यंत्रं कान लावून बसलेली असतात. त्यात दोन जातीच्या लाटा असतात. एक ढकलत ढकलत जाते, रांगेतल्या धक्काबुक्कीसारखी. दुसरी आडवी हलवत जाते, आपण चादर झटकतो तशी. ही आडवीवाली पातळ गोष्टीतून जाऊच शकत नाही. चादर झटकता येते, पाणी झटकता येतं का?"

"फरशी पुसताना तू झटकतोस," मामी म्हणाली. पण ऐकत होती.

"तर भूकंप झाला की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ही आडवी लाट पोचतच नाही. का? मध्ये काहीतरी पातळ आहे. वितळलेलं लोखंड. आणि त्याच्याही आत परत घट्ट गोळा आहे. तो एका बाईनं शोधला, अगदी बारीक बारीक थरथर बघून. बाकीच्यांनी दुर्लक्ष केलेली."

"बाईच असणार," मामी म्हणाली. "सगळे झोपल्यावर गॅस चालू राहिलाय का ते कोणाला ऐकू येतं या घरात?"

मामा अस्वस्थ झाला. "अरे पण माझा पाहुणा कुठे आला यात?"

"तो दुसरा साक्षीदार! खूप पूर्वी छोटे छोटे ग्रह होते. तेही वितळले, जड लोखंड त्यांच्या पोटात जाऊन बसलं. मग एकमेकांवर आपटून फुटले. त्या पोटातले तुकडे आपल्याकडे पडतात. पृथ्वी फोडून बघता येत नाही, पण फुटलेली भावंडं हातात धरता येतात. आणि खूण काय माहितीये? निकेल. इथल्या साध्या लोखंडात निकेल जवळजवळ नसतंच. आभाळातल्या लोखंडात असतंच असतं. मॅडमच्या यंत्रावर निकेल दिसलं की आपण जिंकलो."

हे मी बोललो. निकेलच्या टाकीत हात घालून हिरवी झालेली नखं ताटावर आपटत बोललो. समोर शहरभर निकेल चढवणारा माणूस बसलेला. त्याच्या शेजारी त्याचे हिरवे डाग धुणारी बाई. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मामा स्वतः तपासायला आला नाही. "मी असलो तर त्याला दडपण येईल," म्हणाला. त्याला म्हणजे पाहुण्याला. मामीनं जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला आणि वर म्हणाली, "नीट धर. पाडशील कुठेतरी." मी तिच्याकडे बघितलं तर म्हणे, "टॉवेल चांगला आहे, म्हणून."

केंद्रात मॅडमचं यंत्र दिसायला आमच्या ड्रिल मशीनसारखं. टोक टेकवायचं, खटका दाबायचा, पडद्यावर धातूंची नावं येतात.

पहिलंच नाव निकेल.

मी उडी मारली. खरंच मारली. टेबलावरचा पेनस्टँड पडला. मॅडमही हसल्या, हात पुढे केला, मी तो दोन्ही हातांनी हलवला. मग त्यांनी पडदा परत बघितला आणि कपाळावर एक आठी आली. छोटीशीच.

"निकेल फारच जास्त दाखवतंय. लोखंड कमी. असं नसतं." दुसरीकडे टेकवलं. तेच. "आणि हे जस्त कुठून आलं? निकेलबरोबर इतकं जस्त? हे तर मी कधी वाचलंच नाही."

मी वाचलं होतं. आमच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर. काळ्या निकेलच्या टाकीत काय काय टाकायचं त्याच्या यादीत निकेलच्या खालीच जस्त आहे. गेल्या महिन्यात मीच तोलून टाकलं होतं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला भूकंपाचे एवढे व्हिडिओ बघून कळलं नव्हतं, तिथे कळलं.

"मॅडम," मी म्हणालो, "ही उल्का नाही. म्हणजे असेल. पण तुम्ही जे मोजताय ती आमची टाकी आहे."

सगळं सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढला, मग इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून एक जण डोकावून गेला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझंही चुकलं. प्लेटिंगच्या शेडमधली वस्तू आणि मी वरून निकेल शोधतेय! असं करा, एका जागी घासून खिडकी पाडा. आत काय आहे ते मुलाम्याला विचारून कसं कळेल?"

परत आलो तर मामा दारात. नवा शर्ट. आत स्टुलाभोवती चार खुर्च्या मांडलेल्या, थर्मासात चहा घेऊन आलेली मामी, आणि चाकावर माल चमकवणारे आमचे बफिंगवाले काकासुद्धा हातबीत धुऊन बसलेले.

मी सांगितलं.

आधी बोलली ती मामी.

"कोण म्हणतं उल्का नाही? ती मॅडम? तिच्या त्या ड्रिलला काय कळतंय!"

"मामी, तूच तर त्याला धोंडा म्हणतेस."

"मी म्हणेन! माझा आहे. बाहेरच्यांनी नाही म्हणायचं."

काका हळूच म्हणाले, "ठोकून बघा ना शेठ. रोज लोकांचा माल ठोकता."

खरं होतं. आमच्याकडे माल आला की मामा आधी पान्यानं टक् करून वाजवतो. चिरलेला आहे का, पोकळ आहे का, ओतीव आहे की घडीव, आवाजावरून सांगतो. मामाच कशाला, आम्ही सगळेच सांगतो, रोज ऐकून ऐकून. पण पाहुण्याला त्यानं कधी वाजवलं नव्हतं. पाहुण्याला कोणी ठोकतं का?

आता सगळे बघत होते. मामानं पाना घेतला. वाजवलं.

थड.

घुमला नाही, किणकिणला नाही. असा आवाज आम्ही रोज ऐकतो. गटाराच्या झाकणाचा असतो. काकांनी चहाच्या कपात बघायला सुरुवात केली.

"आज हवा दमट आहे," मामा म्हणाला.

"हो ना, फार," मामी म्हणाली. बाहेर कडकडीत ऊन होतं.

संध्याकाळी मामा जेवायला बसला तेव्हा भाजी दोनदा वाढून घेतली, म्हणजे दोनदा काहीतरी ऐकायचं नव्हतं, पण कोणी काही बोलतच नव्हतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. मागून मामाचा आवाज आला, अगदी बारीक.

"तुला म्हटलं होतं आभाळातून आणलाय म्हणून. ते खोटं निघालं तर?"

"त्या दिवशी तुम्ही हेही म्हणाला होतात की मी घरकामात मदत करतो," मामी म्हणाली. "त्याची खिडकी कधी पाडायची?"

मामा हसला नाही. मला माहीत होतं तो हसणार नाही. लोकांना सांगत फिरला त्याचं त्याला एवढं नव्हतं. नळवाला दोन दिवस चिडवेल, विसरेल. पण दारात उभं राहून जे पहिलं वाक्य बोलला, ते मुलामा निघालं तर काय, हे त्याला खात होतं.

सकाळी शेडवर गेलो तर मामा आधीच आलेला. शर्ट जुना. पाहुणा हातात, समोर घासायचं चाक फिरतंय.

"विचारून घेतलं त्याला," मामा म्हणाला. "हो म्हणाला."

त्यानं गोळा तिरका धरला आणि हळूहळू चाकाला लावायला लागला. मामाचा हात बघण्यासारखा असतो. घाई नाही, दाब नाही. आधी काळा थर गेला. त्याच्या खाली पांढरं चमकलं, साधं निकेल.

"हे पहिल्या वर्षीचं," मामा म्हणाला.

मग एकदम लाल.

"तांबं!" मी ओरडलो. "आत तांबं आहे!"

"गाढवा, निकेल धरावं म्हणून खाली तांबं मीच दिलेलं. विसरलो होतो." आणि मग लालच्या मधोमध राखाडी ठिपका उघडला. मोठा झाला. मामानं चाक बंद केलं, बोटानं ती राखाडी जागा चोळली आणि बोट मला दाखवलं. काळं झालं होतं, पेन्सिलीच्या शिसासारखं.

मला काही सांगावं लागलं नाही. त्याला ॲसिडचा थेंबही नको होता. खऱ्या उल्केवर ॲसिड लावलं की आत आडव्यातिडव्या पट्ट्यांची नक्षी उमटते, हे मी त्याला सांगून ठेवलं होतं. पण ओतीव लोखंड घासलं की बोटाला अशीच काजळी लागते, आणि ज्यानं ते आयुष्यभर घासलं त्याला बोट पुरे.

"बिडाचा आहे," मामा म्हणाला. "ओतीव. इथलाच. कुठल्यातरी जुन्या यंत्राचं वजन असेल." मग स्टुलावर बसला. पाहुण्याच्या स्टुलावर. पाहुणा मांडीवर.

मामी डबा घेऊन आली. आमच्या दोघांची तोंडं बघितली, तिला कळलं. डबा ठेवला आणि मामाच्या मांडीवरचा गोळा उजेडाकडे फिरवला.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे किती छान दिसतंय!"

मी वाकून बघितलं.

मामानं तिरकं घासलं होतं ना, त्यामुळे थर एकाभोवती एक उघडे पडले होते. मधे राखाडी गोल. त्याच्याभोवती लाल कडं. त्याच्याभोवती पांढरं. आणि बाहेर काळं. हे चित्र मी दोनशे पुस्तकांत बघितलंय. आतला गाभा, बाहेरचा गाभा, प्रावरण, कवच. पृथ्वी कापली तर जशी दिसेल म्हणतात तशी.

मी मॅडमना फोन लावला. काय बोललो आठवत नाही, एका श्वासात बोललो एवढं आठवतंय. त्या जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून आल्या. गोळा हातात घेतला, खिडकी बघितली, आणि बोटानं एकेक कडं मोजलं.

"थरांची जाडी चुकीची आहे हं," मी आधीच सांगून टाकलं. "पृथ्वीचं फक्त कवच मुलाम्याएवढं पातळ असतं, बाकीचे थर जाड असतात. आणि लालवाला खरं तर वितळलेला हवा."

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "मी महिनाभर डोकं खाजवतेय की लोकांना कसं सांगू. आपण मुलाम्यावर राहतो, आणि वरून बघून आत काय आहे ते कळत नाही. हा मला फसवून गेला ना? सगळ्यांना फसवू दे. वरून निकेल, आत बीड. ठोकलं तर कळतं. साहेब, हा मला द्याल? काचेच्या पेटीत नाही. उघडा, टेबलावर. शेजारी पाना ठेवू."

मामानं मामीकडे बघितलं. "तिचा आहे. तिला विचारा."

मामी विचारात पडली. विचारात पडल्यासारखं केलं. "पाटीवर काय लिहिणार?"

"उल्का नाही, असं लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"लिहा," मामा म्हणाला. त्याला उत्तर द्यायला एवढी घाई झालेली मी पहिल्यांदा बघितली. "खरं तेच लिहा. मोठ्या अक्षरात."

दालन उघडलं त्या दिवशी आम्ही शेड बंद ठेवली. मामानं तोच नवा शर्ट घातला. टेबलावर आमचा चकचकीत गाभा, भूकंप मोजायच्या यंत्राची एक मोठी पट्टी, जिच्यावर तुम्ही जमिनीवर उडी मारली की रेघ थरथरते, आणि पाहुणा. त्याच्या शेजारी पाना. लोक वाजवत होते, थड थड, आणि मामा तिथून हलायला तयार नव्हता. कोणी म्हटलं पोकळ आहे, की हा लगेच, "पोकळ? परत वाजवा. कान द्या जरा." बफिंगवाले काका उड्या मारून मारून भूकंप करत होते.

मॅडमनी खऱ्या उल्केची एक चकती आणली होती, दुसऱ्या केंद्राकडून उसनी. तळहाताएवढी, तिच्यावर ती नक्षी, चंदेरी पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. मी इतकी वर्षं फोटोत बघितलेली. त्यांनी ती आधी मामीच्या हातात दिली. मामीनं उलटी केली, सुलटी केली, नखानं टोकरली, मग मामाला बोलावलं.

"हे बघा. ही खरी आभाळातली."

मामानं बघितलं. "सुंदर आहे," म्हणाला. आणि मग खाली बघत, "मी तुला ही आणायला हवी होती."

"ही?" मामी म्हणाली. "ही तर पर्समध्ये मावते. ही कोणीही आणेल. तुम्ही तो दहा किलोचा धोंडा उन्हातून चालत घेऊन आलात." चकती मॅडमना परत दिली आणि पदराला हात पुसले. "येताना खिडकीतून बघितलं होतं मी. उगाच नाही दार उघडलं."

मामाचा चेहरा तेव्हा काय झाला ते लिहिता येणार नाही. आमच्या टाकीतून निघालेल्या कुठल्याच नळाला अशी चकाकी आलेली नाही, एवढंच सांगतो.

तेवढ्यात एका गृहस्थानं पाहुण्याला टक् करून वाजवलं आणि पाटी न वाचताच विचारलं, "काय हो, ही उल्का का?"

"नाही," मामा छाती काढून म्हणाला. "बीड आहे. इथलंच." मग जरा वाकून, आवाज खाली आणून, "पण माझ्या बायकोसमोर बोलू नका."